लीलेसाठी टिपलेले पक्षी

खोकल्यातून पहिल्यांदा रक्त आलं तेव्हा मी फळ्यावर पोपट काढत होतो. मी जळगाव जामोदच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. पोपटाची चोच रंगवायला लाल खडू हातात होता. उबळ आली, तोंडाला रुमाल लावला आणि रुमालावरचा लाल डाग पाहून मला वाटलं, खडूच लागला. रुमाल खिशात कोंबला, पोपट पुरा केला, पोरांनी तो वहीत उतरवून घेतला. संध्याकाळी यमुनेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तो रुमाल धुवायला घेतला आणि ती मोरीपाशी तशीच बसून राहिली. खडूचा डाग पाण्यानं लगेच जातो. हा जात नव्हता.

हे सगळं कशासाठी लिहितोय ते आधीच सांगतो. क्षयातून उठलेला माणूस आमच्या भागात क्वचित पाहायला मिळतो. म्हणून लोक माझ्याकडे येतात, दारातूनच विचारतात, "मास्तर, काय घेतलं हो तुम्ही?" मी म्हणतो, दूध, अंडी आणि वर्षभर पडून राहणं. त्यांचा चेहरा पडतो. त्यांना एखादी जडीबुटी हवी असते. ज्यांच्या घरात हा रोग शिरला आहे त्यांना मला आणखीही एक गोष्ट सांगायची आहे, पण ती दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखी नाही. तिच्यात चूक माझी आहे आणि ती मी माझ्याच हातानं लिहून पोस्टात टाकलेली आहे.

०

बुलढाण्याला डॉक्टरांनी छाती तपासली, पाठीवर बोटं वाजवली, थुंकी काचेवर घेतली. दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. मी त्यांच्या तोंडाकडे न पाहता टेबलावरच्या टाकाकडे पाहत होतो.

"मूलबाळ?"

"एक मुलगी. चार वर्षांची."

"झोपते कुणाजवळ?"

"माझ्याच कुशीत झोपते. दुसऱ्या कुणाकडे जात नाही."

त्यांनी टाक खाली ठेवला. "आजपासून नाही. वर्षभर तरी तिला जवळ घ्यायचं नाही, तिच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. पुढचं पुढे पाहू."

रोगाचं नाव त्यांनी त्यानंतर सांगितलं. ते मला आधीच कळलं होतं. पण त्या खोलीतून बाहेर आलो तो नावाची भीती घेऊन नव्हे. लीलेला आज कुठं झोपवायचं, एवढंच डोक्यात होतं.

पंधरा दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात ठेवलं. पहाटे काखेत काचेची नळी, मग दूध, मग थुंकीची भांडी गोळा करणारा माणूस. तो नाकाला धोतराचा सोगा लावून यायचा आणि आम्हा सगळ्यांना सारख्याच तुसडेपणानं वागवायचा. त्याचं एक बरं होतं. तो कुणाची कीव करत नसे. दुपारी निजण्याची सक्ती, संध्याकाळी पुन्हा नळी. ताप किती हे आम्हाला सांगत नसत, म्हणून आम्ही नळी पाहणाऱ्याच्या भुवया पाहायचो.

माझ्या शेजारच्या बाजेवर बीबी गावाकडचा एक शेतकरी होता. तो आधी दहा महिने असाच घरापासून दूर राहून बरा होऊन गेला होता, आता रोग उलटला म्हणून परत आला होता. मी त्याला विचारलं, घरी गेलात तेव्हा काय झालं? तो म्हणाला, "काय होते? पोरगं मले काका म्हणे. मी म्हटलं, अबे, बाप आहो तुझा. तं ते मायच्या मागं दडलं." हे सांगून तो हसला आणि हसता हसता त्याला उबळ आली. चार दिवसांनी त्याच्या बाजेभोवती पडदा लावला. पडदा काढला तेव्हा बाज रिकामी होती.

मरणाची भीती होतीच, नव्हती असं म्हणणारा खोटारडा. पण त्या दिवसापासून तिच्यावर दुसरी भीती चढून बसली. मी मेलो तर लीला मला विसरणारच. पण मी जगलो आणि तरीही ती विसरली तर?

०

रोहिणखेडच्या बाहेर माझ्या मामांचं शेत आहे. मामा वारल्यापासून सुखदेव नावाचा म्हातारा गडी तिथं राखणीला असे. शेतातल्या खोपडीत, म्हणजे कुडाच्या झोपडीत, मी राहायचं, माझ्याबरोबर आई राहणार, यमुनेनं लीलेला घेऊन जळगावातच तिच्या वडिलांकडे जायचं, असं ठरलं. यमुना माझ्यासोबत येते म्हणत होती. आईनं तिला एका वाक्यात गप्प केलं. "तुले लेकरू आहे. मी म्हातारी, मले होऊन होऊन काय होते?"

निघताना लीला आजोबांच्या, म्हणजे अण्णांच्या, खांद्यावर होती. मला न्यायला आलेली बैलांची दमणी आठ-दहा हात लांब उभी केली होती. तिनं हात पुढे केले आणि मी मागे सरलो. तिला तो खेळ वाटला. ती खिदळली. मग तिनं विचारलं, "बाबा, तिथं पाखरं आहेत?"

"खूप आहेत."

"मले दाखवाल?"

"दर पंधरा दिवसांनी एक पाखरू पाठवीन. टपालानं."

लग्नाआधी हौसेनं घेतलेला एक प्लेट कॅमेरा माझ्याजवळ होता. आजवर त्यात शाळेचे गट, मुंजी आणि एक-दोन रुसलेल्या नवऱ्या एवढंच आलं होतं. पाखरू स्वस्थ बसत नाही आणि मला बाजेवरून उठायची मनाई. शेवटी असं जमवलं की खोपडीपासून पंधरा हातांवर बाभळीचं एक खोड होतं, त्यावर पाण्याची जुनी परात ठेवली, कॅमेरा तिच्याजवळ तिकाटण्यावर उभा करून त्याच्यावर कपाशीच्या वाळक्या पळाट्या पसरल्या आणि कॅमेऱ्याची लांब रबरी नळी जमिनीवरून माझ्या बाजेपर्यंत आणली. नळीच्या टोकाला रबरी फुगा. तो दाबला की तिकडे कॅमेऱ्याचा डोळा उघडून मिटतो. सकाळी सुखदेव काच भरलेली पेटी कॅमेऱ्यात सरकवायचा आणि मी फुगा मुठीत धरून पडायचो. एका काचेत एकच फोटो. पाखरू उडालं तर ती काच गेली.

पहिल्या काचेवर नुसतं खोड आलं. दुसरीवर एक शेपूट. सुखदेव म्हणाला, "मास्तर, शेपटी तं शेपटी, पाठवून द्या. बाकीचं पोरगी मनानं जोडीन." तिसऱ्या काचेवर धोबी आला, थंडीत येतो तो, काळापांढरा, सतत शेपटी हलवणारा. अंधार पडल्यावर खोपडीत घोंगडी टांगून, लाल कागद लावलेल्या कंदिलाशी मी काच धुतली. पाण्यातून ते इवलंसं पाखरू वर येताना पाहिलं आणि दीड महिन्यात पहिल्यांदा मला भूक लागली. दुसऱ्या दिवशी उन्हात कागदावर छाप घेतला आणि कार्डाच्या पाठीला डकवून पाठवला.

आठ दिवसांनी यमुनेचं कार्ड आलं. 'ली. विचारते, हा शेपटीनं अंगण झाडतो का. झाडत असेल तर आमच्याकडे पाठवा.' ते कार्ड मी उशाखाली ठेवलं. ताप चढला की काढून वाचायचो. मग साळुंकी गेली, टिटवी गेली, भांडखोर सातभाई गेले. ली. म्हणते सातभाईत एक कमी आहे, मी मोजले. पळस फुलला तेव्हा गुलाबी पोटाच्या मैनांचा थवा आला, त्यातली एकच परातीशी उतरली. ली. म्हणते हिच्या पोटाला कुंकू लागलं का. भिंतीवर खळ लावून तिनं सगळे ओळीनं चिकटवले आहेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला 'माझे बाबा पाठवतात' म्हणून सांगते, असंही यमुनेनं लिहिलं होतं.

आजारी माणसाच्या घरच्यांना माझं सांगणं आहे की असं काहीतरी एक त्याच्या हाती द्या. पाखरं नाहीत तर नसू द्या. पण कुणीतरी कुठंतरी त्याच्या कामाची वाट पाहत आहे, एवढं त्याला कळू द्या.

०

आईविषयी लिहायला हवं. तिनं जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. डॉक्टरांनी रोज दोन सांगितली. पहिले आठ दिवस सुखदेव उकडून देई. मग एके दिवशी तो बाजाराला गेला आणि आईनं स्वतः चूल पेटवली. पत्र्याच्या वेगळ्या डब्यात पाणी, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत, आणि तोंड दुसरीकडे फिरवून ती डब्याशी बसली. अंड्याचं नावही तिनं कधी घेतलं नाही. "ते पांढरं खाल्लं का?" एवढंच विचारी. माझ्या थुंकीच्या भांड्यात राखही तीच टाके. दूर बस म्हटलं की म्हणे, "नऊ महिने पोटात होता, तवा कोणता डाक्तर दूर बसवाले आला होता?"

गावातून कुणी येत नसे. धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, जाणारी माणसं खोपडीपासून चाळीस-पन्नास पावलांवर वळून पलीकडून जात. मी त्यांना दोष देत नाही. आधी मीही असाच वळलो असतो.

वैशाखात सगळं बिघडलं. आसपासचे नाले आटले, परातीवर दिवसभर पाखरांची झुंबड. मी फुगा दाबायचो आणि खोकायचो. ताप उतरेना. एका दुपारी खोडावर दोन कावळे आले. एक दुसऱ्यावर चढला, पंखांची फडफड झाली आणि माझ्या मुठीनं आपोआप फुगा दाबला. त्याच वेळी सुखदेव दुधाचा गडवा घेऊन येत होता. तो ओरडला, "मास्तर, तिकडे पाहू नोका! तोंड फिरवा!"

"काऊन रे, काय झालं?"

त्यानं गडवा खाली ठेवला. तो माझ्याकडे पाहीना. "कावळ्याचा जोड पाह्यला न तुम्ही. पाहत नसतात तो. पाहणाऱ्याले मरण येते म्हणतात."

मी हसलो. मनात म्हटलं, फार कमी लोकांना मिळालं असेल असं चित्र मिळालं. हे अपशकुन वगैरे खोटे असतात, असं वर्गात पोरांना समजावून सांगणारा मी माणूस. ती काच मी धुतली. फोटो उत्तम आला होता. तो लीलेला पाठवण्यासारखा नव्हता म्हणून काच गुंडाळून ठेवली.

तिसऱ्या दिवशी रक्त आलं. रुमालाला लागतं तेवढं नव्हे, ओंजळभर. आईनं माझं डोकं मांडीवर धरलं होतं. बांध फुटल्यासारखं ते येत होतं आणि मला लीलेचं नाव घ्यायचं होतं, पण तोंडात जागा नव्हती.

०

रक्त थांबलं. बुलढाण्याहून डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. जाताना ते आईशी बाहेर बोलले. काय बोलले ते आईनं मला आजवर सांगितलेलं नाही.

चार दिवसांनी ती बाजेशी येऊन बसली. तिच्या हातात कोरं कार्ड होतं.

"वासू, सुखदेवनं सांगितलं मले. कावळ्याचं."

"आई, ते सगळं खोटं असते."

"रक्त खोटं होतं का?" मग तीच म्हणाली, "त्याले उपाय आहे. माह्या आजानं केला होता. सोयऱ्याले कळवा लागते का माणूस गेला. ते रडतात. खरे रडले पायजेत, ढोंग चालत नाही. मंग मरणाले वाटते, आपण येऊन गेलो. ते परत जाते. मंग आपण दुसरं कार्ड टाकाचं का बा, खोटं होतं ते."

"मग टाक की, मला काय विचारतेस?"

"मले कुठं लिहिता येते? गावातल्या मास्तरकडे गेली होती मी. तो म्हणे, जित्या माणसाचं मरण मी नाही लिहीत." तिनं कार्ड पुढे केलं. "तू लिही."

उन्हातून रोहिणखेडपर्यंत चालत जाऊन आली होती ती. पायाला धूळ होती. चप्पल तिनं कधी घातली नाही. मी टाक मागितला.

आता माझा डाव ऐका, शहाण्या मास्तरचा डाव. मी मनात म्हटलं, यमुना माझं अक्षर झोपेतही ओळखेल. माझा 'ल' मी फळ्यावर काढतो तसा गोल काढतो. कार्ड हाती पडताच तिला कळेल की मेलेला माणूस स्वतःच्या मरणाचं कार्ड लिहीत नाही. ती ओळखेल की म्हातारीचं मन राखायला हे केलं आहे. इकडे आईचं समाधान, तिकडे कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही. सापही मरावा आणि काठीही मोडू नये. आणि खरं सांगायचं तर आत कुठंतरी मलाही वाटलं, न जाणो, टळलंच तर. ओंजळभर रक्त ओकलेला माणूस फार शहाणा राहत नाही.

मी लिहिलं, 'चि. वासुदेव यास देवाज्ञा झाली.' अण्णांच्या नावे पत्ता घातला. आईनं कार्ड हातात घेतलं आणि नखानं दुमडून त्याचा कोपरा फाडला. मी पाहत होतो.

कोपरा फाडलेलं कार्ड घरात नेत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पोस्टमनच्या हातून घेणारा उंबऱ्याबाहेरच एक ओळ वाचतो, तिथंच कार्डाचे तुकडे करून टाकतो आणि अंगावर पाणी घेऊन मग आत जातो. अक्षर कुणाचं हे पाहत कोण बसतो? माझे वडील गेले तेव्हा अशी पंधरा-वीस कार्डं मीच लिहिली होती, त्यांचे कोपरे मीच फाडले होते. तरी त्या दिवशी हे माझ्या ध्यानात आलं नाही. तापाला दोष देता येईल. मी तो देत नाही.

पाचव्या दिवशी पोचेल अशा बेतानं मी दुसरं कार्ड टाकलं. 'आधीचे वृत्त खोटे, कारणपरत्वे कळवले होते, मी जिवंत आहे, लीलेस आशीर्वाद.'

०

अण्णांचं उत्तर आलं. 'दोन्ही पत्रे पावली. प्रकृतीस जपावे.' त्यांच्या अक्षरात एवढीच ओळ. यमुनेचं काहीच नाही.

मला वाटलं, रागावली. अशी थट्टा कुणी करतं का, म्हणून रुसली असेल. मी पुढचं पाखरू पाठवलं. तांबट होता, पिंपळावर दिवसभर ठोके घालणारा. उत्तर नाही. मग कोतवाल पाठवला, वेडा राघू पाठवला, पाठीमागं लिहिलं, 'लीला काय म्हणाली ते कळवावे.' अण्णांचं कार्ड येई, 'येथील सर्व क्षेम.' ली. म्हणते, हे दोन शब्द गेले ते गेलेच.

त्या पावसाळ्याविषयी लिहायला हात धजत नाही. ताप उतरत होता, हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं. खोपडीच्या कुडातून ओल यायची, काचांना बुरशी धरायची. मी पडून एकच गोष्ट उगाळत राहायचो, की लीला विसरली. तिला आता पाखरं नकोत. ती म्हणतच नाही काही, मग यमुनेनं लिहावं काय? श्रावणात मी दूध ओतून देऊ लागलो. आई पाठ फिरवायची आणि मी गडवा बाजेखाली रिता करायचो. कशासाठी प्यायचं? खोपडीमागं विहीर होती. तिच्या काठापर्यंत मी एकदा गेलो होतो, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगतो, कारण हे वाचणारा कुणी तसा काठावर उभा असेल. त्यानं मागं वळून हाक मारावी, कुणालाही.

मला सुखदेवनं पाहिलं. त्यानं आरडाओरड केली नाही. जवळ येऊन म्हणाला, "मास्तर, तिकडे शेंदीच्या झाडावर सुगरणीनं खोपा विणाले घेतला. उद्या काच भरू का?" मग दंडाला धरून मला बाजेवर आणून बसवलं. बाजेखाली मुंग्यांची रांग लागली होती. ती त्यानं पाहिली, गडवा उचलून हुंगला. "दूध मुंग्याइले देता व्हय? मंग पोरीले पाखरं कोन देईन, मुंग्या?"

दुसऱ्या दिवशीपासून मी दूध पिईपर्यंत तो समोर उकिडवा बसून राही. सुगरणीचा खोपा मी तीन टप्प्यांत टिपला. अर्धा, पाऊण, पुरा. तिन्ही पाठवले. उत्तर नाही. तरी पाठवत राहिलो. हट्टानं म्हणा, सवयीनं म्हणा. दसऱ्याला नीलपंख खोडावर येऊन बसला, त्याला आमच्याकडे त्या दिवशी पाहणं शुभ. सुखदेव तर नाचायचाच बाकी होता. "कावळ्याची फिटंफाट झाली मास्तर!" आईनं तिथूनच हात जोडले.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी थुंकी पाहिली, पुन्हा पाहिली, वजन केलं. मी चांगलाच सुटलो होतो. ते म्हणाले, "जंतू नाहीत. जा घरी. ताट-भांडं वेगळं ठेवा, दमू नका. पण मुलीला मांडीवर घ्यायला हरकत नाही."

आई म्हणाली, "टळलं." ती आजही तेच म्हणते. मी वाद घालत नाही.

०

जळगाव जामोदला सर्व्हिस मोटार थांबली तेव्हा स्टँडवर यमुना एकटीच उभी होती. वर्षभरानं पाहत होतो तिला. हातात काचेच्या बांगड्या होत्या, सगळ्या एकाच रंगाच्या, नव्या. मी म्हटलं, "लीलेला आणलं नाही?"

ती म्हणाली, "आधी इथं बसा. तुम्हाले एक सांगाचं आहे."

स्टँडच्या बाकड्यावर आम्ही दोन हात अंतर सोडून बसलो. ती समोर पाहत बोलत होती.

"ते कार्ड अण्णांनी दारातच फाडलं. मी धावत आली तं तुकडे मोरीतून वाहून गेले होते. मावशीनं माह्या बांगड्या फोडल्या. पाच दिवस मी विधवा होती."

"अगं, अक्षर माझं होतं," मी म्हटलं. "मला वाटलं, तू ओळखशील."

ती माझ्याकडे वळली. तिला हे माहीतच नव्हतं. ती म्हणाली, "मले कोनी दाखवलं तुमचं अक्षर?"

मोटार पुढच्या गावाला निघून गेली. धूळ खाली बसली.

"दुसरं कार्ड आलं, अण्णा म्हणे, पोरीले सांगू. मीच म्हटलं, नका सांगू." तिचा आवाज सपाट होता. "पाच दिवस ती रडली. जेवली नाही, निजली नाही. डाक्तरनं अण्णाइले कळवलं होतं का पावसाळा निघत नाही म्हणून. मले वाटलं, उद्या खरंच कार्ड येईन. पुन्हा रडवू का तिले? एकदा रडली, तेवढं पुरे. तुम्हाले राग आला तं येऊ द्या."

"आणि पाखरं?"

"माह्या पेटीत आहेत. एकही टाकलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, म्हणत राह्यली. तुमचं पाखरू आलं का वाटे, जिते आहेत. मंग वाटे, हे शेवटचं."

मला राग आला नाही. यावा असं फार वाटत होतं. कुणावर तरी आला असता तर हलकं वाटलं असतं. पण जिच्यासाठी मी वर्षभर फुगा मुठीत धरून पडलो, तिच्या डोळ्यांपुढे मला मी स्वतःच मारलं होतं, सुवाच्य अक्षरात.

०

लीला ओट्यावर होती. उंच झाली होती. पुढचा एक दात पडला होता. मी पायरीखाली थांबलो. यमुना म्हणाली, "लीले, बाबा आले तुझे."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी गेलो तेव्हा काडी होतो, आता गाल वर आले होते. ती आजीच्या, म्हणजे यमुनेच्या आईच्या, लुगड्याला धरून म्हणाली, "बाबा तं कावळा झाले."

त्या पाच दिवसांत कुणीतरी तिला समजावलं होतं की तुझे बाबा आता कावळा होऊन जेवायला येतील. तेव्हापासून रोज जेवताना पहिला घास ती परसातल्या भिंतीवर ठेवायची. आजीनं ती सवय सोडवून पाहिली, पण पोर ऐकेना. हे मला यमुनेनं ओट्यावरच हळू आवाजात सांगितलं. अण्णा आत निघून गेले.

पानं वाढली. माझं ताट वेगळं, परसाच्या दाराशी. लीला लांब बसली होती आणि माझ्याकडे पाहत होती. मी सातभाईंबद्दल बोललो, एक कमी होता तो खोडाआड होता म्हटलं. तिच्या भुवया हलल्या. मग तिनं वरणभाताचा पहिला घास केला, तो हातात घेऊन उठली आणि माझ्या बाजूनं परसात गेली. भिंतीवर कावळा आधीच येऊन बसला होता. रोजची वेळ त्याला ठाऊक होती.

"बाबा, या," ती म्हणाली. कावळ्यालाच म्हणाली.

मी ताटावर हात ठेवून बसलो होतो. ती भिंतीपाशी थांबली. तिनं कावळ्याकडे पाहिलं, वळून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कावळ्याकडे पाहिलं. मग घासाचे दोन भाग केले. एक भिंतीवर ठेवला. दुसरा घेऊन ती दारात आली, वाकली आणि हात लांब करून माझ्या ताटाच्या कडेला ठेवला.

कावळ्यानं त्याचा अर्धा उचलून नेला. माझा अर्धा मी खाल्ला. मी तो गिळेपर्यंत ती तिथंच उभी होती.